सांडलवंड : गंधक टाकला, पण पारा गेला का?

सेंट्रिफ्यूजमध्ये फुटलेली रक्ताची नळी आज उघडायची असं ठरलं होतं. झाकण न उघडता अर्धा तास थांबा, इथे या सदराचा मागचा भाग संपला होता. तो अर्धा तास आता आणखी आठवडाभर लांबतोय, कारण मध्येच सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळा परिचरांचं पत्र आलं आणि त्याने मला जागचं हलू दिलं नाही.

नववीच्या प्रात्यक्षिकाला थर्मामीटर ओट्यावरून पडला. पारा फरशीभर पळाला. बाईंनी केरसुणी घ्यायला सांगितलं, यांनी लोटून सुपलीत भरला. कोपऱ्यात जे बारीक कण राहिले त्यावर गंधकाची पूड टाकली, कारण भिंतीवरच्या सूचनाफलकावर तसंच लिहिलंय. आठवडा झाला, पूड अजून पिवळीधमक आहे. त्यांचे प्रश्न दोन. पारा गेला असं समजायचं का? आणि गोळा करताना बाईंच्या अंगठीला पांढरा डाग पडलाय, तो कशाने जाईल?

पहिल्याचं उत्तर : नाही, गेलेला नाही. फलकावरची ही गंधकाची ओळ मी इतक्या प्रयोगशाळांत वाचली आहे की तिच्याबद्दल एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

पारा आणि गंधक यांचं जमतं, हे खरंच आहे. दोघं मिळून मर्क्युरिक सल्फाइड होतं, ते पाण्यात विरघळत नाही आणि त्याची वाफही होत नाही म्हटलं तरी चालेल. फलक लिहिणाऱ्याने एवढं रसायन बरोबर वाचलं. पण ते किती वेळात होतं आणि कशाने होतं, हे त्याने एखाद्या वैद्याला विचारायला हवं होतं. आपल्याकडे रसशास्त्रात कज्जली करतात ती याच दोन पदार्थांची. शुद्ध केलेला पारा आणि शुद्ध केलेला गंधक खलात घालून घोटतात. तासन् तास, कधी दिवसेंदिवस. पिवळा रंग आधी करडा होतो, मग काजळासारखा काळा. तरी वैद्य थांबत नाही. ती पूड उन्हात धरून पाहतो. एकही कण चमकला तर पारा अजून सुटा आहे, पुन्हा घोटा. बत्त्याखाली, सतत नवा पृष्ठभाग उघडा पडत असतानाही ज्याला एवढा वेळ लागतो, ते काम फरशीवर नुसती पूड भुरभुरून कसं होणार?

होतं एवढंच, की गंधक जिथे टेकतो तिथे थेंबावर सल्फाइडची पातळ साय धरते. त्याने वाफ काही काळ कमी होते. पण पाय लागला, झाडूचा फटका बसला, की साय फाटते आणि आतला पारा पुन्हा उघडा. पूड पिवळीच राहिली याचा अर्थ दोहोंपैकी एक : तिथे पारा नव्हता, किंवा होता आणि गंधक त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. काळसर तपकिरी ठिपके दिसले असते, तर निदान पारा कुठे लपलाय ते कळलं असतं. गंधकाचा तो उपयोग मला मान्य आहे : शेवटी, सगळं उचलून झाल्यावर, फटीत काही उरलंय का ते पाहायला. रासायनिक मदत हवीच असेल तर जस्ताची बारीक पूड जास्त कामाची. पातळ सल्फ्युरिक आम्लाने जराशी ओलसर केली की ती पाऱ्याला चटकन धरते, दोघांचा घट्ट लगदा होतो आणि तो खरवडून डबीत भरता येतो. पाऱ्यासाठी तयार मिळणाऱ्या किटमध्ये बहुधा असलीच धातूची पूड असते.

आता केरसुणी. सगळ्या पत्रात मला जर कुठे चर्र झालं असेल तर ते इथे.

ताप मोजायच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते दीड ग्रॅम पारा असतो. प्रयोगशाळेतल्या लांब थर्मामीटरमध्ये जास्त. हिशेबाला एक ग्रॅम धरू. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून एक ग्रॅमचा गोळा केला तर व्यास जेमतेम ५.२ मिलिमीटर भरतो, मोठ्या वाटाण्याहून लहान. त्याचा पृष्ठभाग ०.८५ चौरस सेंटिमीटर. हाच गोळा केरसुणीच्या काड्यांनी फुटून ०.१ मिलिमीटरचे कण झाले, तर कण होतात सुमारे १,४०,००० आणि पृष्ठभाग ५२ पट, म्हणजे ४४ चौरस सेंटिमीटर. वाफ पृष्ठभागावरून निघते. पारा तेवढाच, वाफ द्यायची जागा ५२ पट. शिवाय असला कण डोळ्याला सहज दिसत नाही, फरशीच्या सांध्यात बसतो आणि काड्यांमध्ये अडकून दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत पोचतो. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट. तो पारा गरम करून मागच्या बाजूने खोलीभर फुंकतो.

एवढ्याशा वाफेने काय होतं, असं विचारणारे भेटतात. शाळेची प्रयोगशाळा १० मीटर लांब, ६ रुंद आणि ३.५ उंच धरा : २१० घनमीटर हवा. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने कामाच्या जागी सुचवलेली मर्यादा घनमीटरला ०.०२५ मिलिग्रॅम. म्हणजे अख्ख्या खोलीत ५ मिलिग्रॅम वाफ झाली की आपण मर्यादेवर आलो, आणि ही वाफ म्हणजे सांडलेल्या पाऱ्याचा दोनशेवा हिस्सा. खिडक्या उघड्या असतील तर एवढी वाफ साठून राहत नाही, म्हणून एका थर्मामीटरने घाबरून शाळा सोडून द्यायचं कारण नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत खिडक्या बंद असतात, तापमान चढतं आणि दर दहा अंशांना पाऱ्याची वाफ साधारण दुपटीने वाढते. जूनमध्ये कुलूप उघडणाऱ्याला ती साठलेली हवा पहिली मिळते.

गंमत अशी, की पाऱ्याची भीती लोकांना नेमकी नको तिथे वाटते. मुलाने थर्मामीटर चावला, पारा गिळला, म्हणून आई-बाप रात्री दवाखाना गाठतात. गिळलेला धातुरूप पारा आतड्यातून जवळपास शोषलाच जात नाही, १०,००० भागांत एखादा भागही नाही. तिथे चिंता करायची ती काचेची. श्वासाबरोबर गेलेल्या वाफेतला मात्र सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसातून रक्तात उतरतो. आई-बाप दवाखान्यात असताना गादीवर सांडलेला उरलेला पारा घरी निवांत उडत असतो. (हातमोज्यांविषयीच्या आधीच्या भागात आलेल्या, पाऱ्याच्या विषबाधेने गेलेल्या रसायनज्ञ वेटरहानबाई आठवून कुणी गोंधळू नये. त्यांच्या हातावर पडला तो डायमिथाइल पारा, म्हणजे सेंद्रिय संयुग. थर्मामीटरमधला त्याच्या मानाने फारच सोशीक.)

सोशीक म्हणूनच फसवा. हे आपल्या जिवावर शिकून लिहून ठेवणारा माणूस म्हणजे आल्फ्रेड स्टॉक. हा जर्मन रसायनज्ञ बोरॉन आणि हायड्रोजनच्या संयुगांचा जवळपास जनकच. ही संयुगं हवा लागली की पेट घेतात, नळांना लावलेलं ग्रीस खातात. म्हणून स्टॉकने काचेची बंद यंत्रणा बांधली आणि तिच्यात नळांऐवजी पाऱ्याच्या झडपा बसवल्या. यंत्रणा अफलातून होती. वर्षानुवर्षं तो आणि त्याचे सहकारी त्याच खोल्यांत, उघड्या पाऱ्याच्या संगतीत राबले. डोकेदुखी, चक्कर, सतत चोंदलेलं नाक, चिडचिड. डॉक्टर नाकावर उपचार करत राहिले. मग स्मरणशक्ती गेली. डिरेक्टरीत पाहिलेला नंबर टेलिफोनपर्यंत जाईस्तोवर तो विसरायचा. पुढे सहकाऱ्यांनाही तोच त्रास असल्याचं लक्षात आलं, तेव्हा कुठे पाऱ्यावर बोट ठेवलं गेलं. १९२६मध्ये त्याने पाऱ्याच्या वाफेच्या धोक्याविषयी आपल्याच व्यवसायबंधूंना उद्देशून सविस्तर लेख लिहिला, आणि उरलेल्या आयुष्यातला बराच वेळ हवेतला, शरीरातला अत्यल्प पारा मोजायच्या पद्धती बसवण्यात घालवला. रसायनशास्त्रात मुरलेल्या माणसाला हे ओळखायला इतकी वर्षं लागली. वास नाही, रंग नाही, जळजळ नाही. नाकाला झोंबणारा अमोनिया निदान पळायला लावतो.

तर परिचर महाशय, पुढच्या वेळी काय करायचं ते क्रमाने सांगतो.

मुलांना आधी बाहेर काढा; पारा ज्यांच्या बुटांवर उडाला असेल त्यांनी बूट दारातच ठेवायचे. बाहेरच्या खिडक्या उघडा, आतल्या व्हरांड्याचं दार लावा, पंखा बंद. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून दुसऱ्या खोलीत ठेवा, मग हातमोजे. काचा आधी वेचा, चिमट्याने. त्यानंतर दोन जुन्या लग्नपत्रिका घ्या. जाड, गुळगुळीत आणि प्रत्येक शाळेत सापडणारा असा दुसरा पुठ्ठा मला माहीत नाही. सांडलेल्याच्या बाहेरच्या कडेपासून आत, सावकाश, थेंब थेंबाकडे ढकलत या. दोन थेंब टेकले की आपोआप एक होतात. या कामात पारा स्वतः मदत करतो, घाई न केली तर. मोठा थेंब ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने उचला. मग खोलीत अंधार करा आणि टॉर्च फरशीला लावून आडवा धरा. उभ्या उजेडात स्वच्छ वाटलेली फरशी आडव्या उजेडात चांदण्यांनी भरलेली दिसते. ते कण चिकटपट्टीने टिपा, किंवा दाढीच्या फेसात बुडवलेल्या रंगाच्या ब्रशने. सांध्यातल्यासाठी जस्ताची पूड. सगळ्यात शेवटी, मनाचं समाधान म्हणून, तुमचा गंधक.

उचललेला पारा जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, वर बोटभर पाणी, झाकण घट्ट, बाहेर चिठ्ठी. पत्रिका, पट्ट्या, हातमोजे दुहेरी पिशवीत. बेसिनमध्ये काहीही ओतायचं नाही : खालच्या वाकड्या पाइपात पारा तळाशी बसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. कधीतरी प्लंबर तो पाइप उघडतो आणि पारा त्याच्या हातावर येतो. सुपली प्लॅस्टिकची किंवा लोखंडी चालेल, लोखंडाला पारा काही करत नाही. ॲल्युमिनियमची मात्र नको. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर एकदा ओरखडला गेला आणि तिथे पारा पोचला, की डोळ्यांदेखत पांढरे कापसासारखे तंतू उगवायला लागतात; धातू पोखरत जातो. विमानात पाऱ्याच्या वायुभारमापकाला मज्जाव असतो तो याच भीतीने. फील्डवर तो नेण्याची वेळ ज्यांच्यावर अजून येते त्यांच्यासाठी : उलटा धरून न्यायचा, पाऱ्याचं भांडं वर. नळी भरलेली राहते आणि पारा काचेवर आपटत नाही.

आता बाईंची अंगठी. सोन्यात पारा शिरलाय. घासून जाणार नाही, आणि गावातल्या सोनाराकडे नेली तर तो काय करेल ते मला ठाऊक आहे : फुंकणीच्या ज्योतीवर धरेल. डाग दोन मिनिटांत जाईल, अंगठी पिवळी होईल, आणि गेलेला पारा वाफ होऊन सोनाराच्या आणि समोर बसलेल्या बाईंच्या नाकात जाईल. गंधकाच्या आठवडाभरात झालं नसतं तेवढं नुकसान त्या दोन मिनिटांत. म्हणून अंगठी झाकणाच्या डबीत ठेवावी, बोटात घालू नये, आणि सोनाराला आधी स्पष्ट सांगावं की यात पारा आहे. धूर ओढून घेणारी सोय असलेल्याकडेच काम द्यावं. चांदीच्या जोडव्यांनाही हेच लागू.

मागच्या आठवडाभराचंही निस्तरायला हवं. ती केरसुणी आणि सुपली बंद पिशवीत घालून बाजूला काढा. कोपऱ्यातली पूड झाडू नका, ओलसर कागदाने टिपून घ्या, मग टॉर्च आडवा धरून वर सांगितलेलं सगळं पुन्हा.

आणि ती बाटली भंगारवाल्याला नाही. घातक कचऱ्यासाठी राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे केंद्रं आहेत, पण एका शाळेच्या चमचाभर पाऱ्यासाठी कुणी गाडी पाठवणार नाही. तालुक्यातल्या शाळांनी एकत्र यादी करून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला पत्र द्यावं. यादी करायला लागलात की कपाटाच्या तळाशी काय काय निघतं ते बघा : फोर्टिनचा वायुभारमापक, बॉइलच्या नियमाची नळी, आरोग्य तपासणीचं जुनं रक्तदाबयंत्र. शेवटच्यात एकट्यात ८० ते १०० ग्रॅम पारा असतो.

पाण्याचा उत्कलनबिंदू दाखवायला ११० अंशांपर्यंतचा लाल स्पिरिटचा थर्मामीटर पुरतो. मिनामाता करार २०१७मध्ये अमलात आला, भारताने २०१८मध्ये तो मान्य केला; पाऱ्याच्या थर्मामीटरची सद्दी तशीही संपलीच आहे. नववीच्या मुलांच्या हातात तो द्यायचा हट्ट शाळांनी तरी का धरावा, हे मला कळत नाही.

पुढच्या आठवड्यात सेंट्रिफ्यूजचं झाकण नक्की उघडू. त्याआधी सगळ्यांनी एक काम करा : आपल्या सोडियम हायपोक्लोराइटच्या कॅनवरची तारीख पाहून ठेवा, आणि तो उन्हात ठेवलाय का तेही. रक्तावर ओतायची वेळ येईल तेव्हा त्यात क्लोरीन उरलाय की नुसतं खारं पाणी, इथूनच सुरुवात करायची आहे.