यंत्रांची नाडीपरीक्षा

आपल्या रुग्णालयाच्या क्ष-किरण व प्रतिमा विभागात सकाळी साडेआठ वाजता पहिला रुग्ण आत घेतला जातो. त्यापूर्वीच सीटी स्कॅनच्या टेबलावर एक ‘रुग्ण’ तपासून झालेला असतो. त्यास उपाशीपोटी यावे लागत नाही आणि त्याचा अहवाल न्यावयास कोणी येत नाही. हा रुग्ण म्हणजे पाण्याने भरलेला एक पारदर्शक गोल डबा होय. आमच्या परिभाषेत त्यास ‘फॅन्टम’ म्हणतात. वैद्यकीय भौतिकी तंत्रज्ञ या नात्याने माझ्या दिवसाचा आरंभ या डब्यापासून होतो. पडद्यामागील या कामाची ओळख देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांना करून द्यावी, या हेतूने हा लेखनप्रपंच.

सीटी यंत्र शरीराच्या प्रत्येक सूक्ष्म भागास एक अंक देते. पाण्याचा अंक शून्य, हवेचा उणे १०००, हाडाचा काही शेकड्यांच्या घरात. ही मोजपट्टी गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. त्यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह मिळाले. मूत्रपिंडावरील गाठ पाण्याची आहे की मांसल, हे डॉक्टर बऱ्याच अंशी या अंकांवरून ठरवितात. म्हणून यंत्र पाण्याला पाणी म्हणते आहे ना, हे रोज पाहावे लागते.

उन्हाळ्यातील एका सोमवारी डब्यातील पाण्याचा अंक शून्याऐवजी ९ आला. आम्ही ४ पर्यंतचा फरक चालवून घेतो. पुन्हा स्कॅन केला, पुन्हा ९. यंत्र बंद ठेवण्याचा निर्णय मी विभागप्रमुखांना कळविला व त्यांनी तो मान्य केला. बाहेर मात्र आदल्या रात्रीपासून उपाशी असलेले रुग्ण बसले होते. एका वृद्ध गृहस्थांचे चिरंजीव रजा काढून, पहाटेची एस.टी. पकडून वडिलांना घेऊन आले होते. ते संतापले. “साहेब, मशीन तर चालू दिसतंय. बाबांच्या पोटात काल रात्रीपासून अन्नाचा कण नाही. मग अडचण काय?” मी त्यांना म्हटले, “दादा, दुकानदाराचा काटा रिकामा असतानाच पावशेर दाखवीत असेल, तर त्या काट्यावर तुम्ही माल घ्याल का?” ते गप्प झाले. समाधान झाले असे मात्र मी म्हणणार नाही.

दोष वातानुकूलन यंत्राचा निघाला. ते रात्री केव्हातरी बंद पडले होते, खोली तापली होती, आणि क्ष-किरण टिपणारे शोधक तापमानाच्या बाबतीत फार हळवे असतात. खोली थंड करून, नव्याने अंकशोधन करून पाण्याचा अंक १ वर येईपर्यंत तीन तास गेले. दुपारी त्या वृद्धांचा स्कॅन झाला. त्यांच्या मूत्रपिंडावरील गाठीचा अंक १५ च्या आसपास आला. साधारणतः २० पर्यंतचा अंक साध्या पाण्याच्या गाठीचा समजतात. सकाळीच स्कॅन उरकला असता तर तो या रेषेपलीकडे दिसण्याचा संभव होता, आणि मग पुढील तपासण्या, त्यांचा खर्च व घरच्यांची झोपमोड हे सारे ओघाने आलेच असते.

साध्या क्ष-किरण यंत्राची एक परीक्षा तर रुपयाच्या नाण्यांनी होते. यंत्रातून पडणाऱ्या प्रकाशाच्या चौकटीच्या कडांशी नाणी ठेवून फोटो काढावयाचा. नाणी फोटोत जागच्या जागी दिसली तर प्रकाश आणि किरण एकाच ठिकाणी पडत आहेत. सरकलेली दिसली तर छातीचा फोटो काढताना किरण नको तेथेही जात आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार दर दोन वर्षांनी रीतसर उपकरणांनी गुणवत्ता तपासणी होतेच, परंतु दोन तपासण्यांच्या मध्ये नाणी बरीच उपयोगी पडतात.

नातेवाइकांचा, विशेषतः लहान मुलांच्या मातांचा, नेहमीचा प्रश्न किरणोत्सर्गाविषयी असतो. जगाच्या सरासरीने प्रत्येक मनुष्यास जमीन, हवा, अन्न व आकाश यांतून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. छातीच्या एका फोटोची मात्रा ०.१ हूनही कमी असते. प्रौढाच्या पोटाच्या सीटी स्कॅनची मात्रा मात्र ८ ते १० च्या घरात जाते. सोनोग्राफी व एमआरआय यांत क्ष-किरण नसतातच. म्हणूनच डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज ‘एकदा सीटी करूनच टाका’ असा आग्रह धरू नये. बालकासाठी यंत्राची मांडणी त्याच्या वजनानुसार बदलावी लागते. अशी प्रतिमा थोडी दाणेदार येते, आणि सुबक प्रतिमांची सवय झालेल्या डोळ्यांना ती खटकते. निदानास पुरेशी असेल तर दाणेदारच बरी, असे माझे मत आहे. त्यावरून आमच्या विभागात अधूनमधून वादही झडतात.

विभागातील प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा बिल्ला दिसतो. त्यातील चकत्या किरणोत्सर्गाची नोंद धरून ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्यांचे वाचन होते. आमच्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट अशी आहे. एका तिमाहीत आमच्या एका मदतनिसाची नोंद अचानक वाढली आणि त्याच्या घरी रडारड झाली. चौकशीअंती कळले की बिल्ला शिशाच्या एप्रनला लावलेला होता आणि तो एप्रन सुट्टीच्या दिवसांतही क्ष-किरण खोलीतच टांगलेला होता. किरण मिळाले होते बिल्ल्याला. पूर्वीच्या पिढीचे असे नशीब नव्हते. या कामात प्राण गमावलेल्या डॉक्टर व तंत्रज्ञांचे स्मारक १९३६ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे एका रुग्णालयाच्या आवारात उभारले गेले.

आपल्या देणगीदारांनी आजवर यंत्रे दिली व त्यांच्या नावाच्या पाट्या भिंतीवर सन्मानाने लागल्या आहेत. सीटी खोलीसाठी दुसरे वातानुकूलन यंत्र आणि तापमान वाढताच पहारेकऱ्याच्या खोलीत वाजणारी घंटा, एवढी मागणी या वर्षी विश्वस्त मंडळापुढे ठेवली आहे. त्यावर पाटी लावण्याइतकी जागा बहुधा मिळणार नाही.