नागपूरकर ताडोब्याला जातात, नागझिऱ्याला जातात. मधल्या भंडाऱ्यात उतरायचं कशासाठी?

नागपूरहून रायपूरकडं निघालं की तासाभरात भंडारा येतं आणि लगेच वैनगंगेचा पूल. बहुतेक गाड्या इथं चहालाही थांबत नाहीत. मुंबई-हावडा मार्गावरच्या रेल्वेचंही तसंच. स्टेशनचं नाव भंडारा रोड, पण ते आहे वरठीला, शहरापासून काही किलोमीटर लांब. त्यामुळं रेल्वेनं जाणाऱ्याला भंडारा शहर दिसतच नाही.

या जिल्ह्याला पर्यटनाच्या नकाशावर जागा का मिळाली नाही, याचं एक साधं कारण 1 मे 1999 या तारखेत आहे. त्या दिवशी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. नवेगाव बांध गेलं, नागझिऱ्याचा बहुतांश भाग गेला, इटियाडोह गेला. म्हणजे ज्या नावांवर बाहेरची माणसं यायची ती सगळी गोंदियाच्या वाट्याला आली. भंडाऱ्याकडं काय राहिलं? भाताची बांधी, पितळेची भांडी, कोसा आणि पाणी.

यातलं पाणी हीच इथं यायची खरी गोष्ट आहे.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. ही जाहिरातीतली ओळ नाही. पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा-सात हजार जुने तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांचं नाव 'मामा तलाव'. इथं मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, माजी मालगुजारी! गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. जो जंगल तोडून गाव वसवेल आणि तलाव बांधेल त्याला त्या तलावाखालची जमीन, अशी राजाची पद्धत होती, असं सांगितलं जातं. उतार बघून मातीची पाळ घालायची, वरच्या तलावाचं जादा पाणी खालच्या तलावात उतरवायचं आणि सगळ्यात खाली धान लावायचं. ना सिमेंट, ना इंजिनिअर.

मग 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. गाळ काढायचा कुणी, पाळ दुरुस्त करायची कुणी, हे गावाच्या हातून सुटलं. आज अनेक तलाव गाळानं आणि बेशरमीनं भरलेत. तरी साकोली, लाखनी, लाखांदूरच्या बाजूला फिरलात तर रस्त्याच्या कडेला दर काही किलोमीटरवर एखादा तलाव लागतोच. हिवाळ्यात त्यावर बदकं उतरलेली असतात. महाराष्ट्रातले शेवटचे सारस याच धानपट्ट्यात उरलेत. गोंदियात त्यातल्या त्यात जास्त, भंडाऱ्यात अगदी मोजके. दिसला तर नशीब.

आता पवनी. एकाच ठिकाणी जायला वेळ असेल तर इथंच जावं.

वैनगंगेच्या काठावरच्या या गावाला विदर्भाची काशी म्हणतात, कारण घाट आणि देवळं. पण काशीच्याही आधी इथं दुसरंच काहीतरी होतं. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं आणि देवळाखाली बौद्ध स्तूप सापडला. मौर्यांच्या काळापर्यंत मागं जाणारा. त्याचा मूळ व्यास सुमारे 38 मीटर, नंतर वाढवून 41 च्या पुढं नेलेला. तुलनेसाठी, सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास 36 मीटरच्या आसपास आहे. ब्राह्मी लिपीतले लेख आणि कोरीव खांब मिळाले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथं दान देणारी श्रीमंत माणसं राहत होती, नदीवरून व्यापार चालत होता.

पण सांचीसारखा डौलदार घुमट बघायला मिळेल या आशेनं गेलात तर निराश व्हाल. टेकडी आहे, तिच्यावर देऊळ आहे. बाकीचं आपल्याला डोक्यात उभं करावं लागतं. गावाभोवतीचा जुना तट आणि दरवाजा मात्र आजही अंदाज देतो. जवळच रुयाडला महासमाधीभूमी हा नवा महास्तूप उभारलाय. तिथं दरवर्षी फेब्रुवारीत धम्म महोत्सव भरतो.

पवनीच्या बाजूलाच जंगलही आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य 2012 मध्ये जाहीर झालं आणि पुढच्याच वर्षी नागझिऱ्यातून शंभरेक किलोमीटर चालत एक वाघ तिथं आला. 'शोले'तल्या पात्रावरून त्याचं नाव जय. त्याच्यामुळं या जंगलात गर्दी सुरू झाली. एप्रिल 2016 नंतर तो कुणालाच दिसला नाही आणि गर्दीही ओसरली. भंडारा शहराजवळ कोका अभयारण्य आहे, साधारण 100 चौरस किलोमीटरचं, 2013 मध्ये झालेलं. तिथं वाघाची खात्री धरू नका. गवे, अस्वल, रानकुत्री आणि शांतता यासाठी जा.

सध्या सगळ्यात जास्त चर्चा आहे ती गोसीखुर्दच्या बॅकवॉटरची. पवनी तालुक्यातल्या या धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींनी केली. 11 किलोमीटरहून लांब धरण, 33 दरवाजे, सुरुवातीचा अंदाज 372 कोटींचा. पुढं खर्च हजारो कोटींत गेला आणि कालव्यांची कामं दशकानुदशकं रखडली. पाणी मात्र साठलं, आणि आता त्याच पाण्यावर जलपर्यटन उभं करायचा सरकारचा बेत आहे. बोटी, रिसॉर्ट, वॉटर स्पोर्ट्स.

त्याची झलक आंभोऱ्याला मिळते. पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ आणि मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथंच लिहिला ही विदर्भातली श्रद्धा. (अंबाजोगाईकर ते मान्य करत नाहीत, हा वेगळा विषय.) देऊळ नागपूर जिल्ह्यात, पलीकडचा काठ भंडाऱ्यात. पूर्वी मध्ये नावच. 2024 च्या सुरुवातीला इथं केबलवर तोललेला पूल खुला झाला, वर काचेची गॅलरी असलेला. रविवारी तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही.

पण या पाण्याखाली काय आहे आणि पाण्यात काय आहे, हे माहीत असलेलं बरं. खाली गावं आहेत. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं उठवली गेली आणि मोबदला, प्लॉट, नोकरी यासाठी प्रकल्पग्रस्तांची आंदोलनं वर्षानुवर्षं चालली. गॅलरीतून दिसणाऱ्या त्या विस्तीर्ण निळ्या पट्ट्यात कुणाचं तरी शेत आहे.

आणि पाण्यात नागपूर आहे. शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळतं. धरण होण्याआधी ते वाहून जायचं, आता साठतं. जलपर्णी पसरते, मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या जाळ्यात मासा कमी येतो आणि काठावरच्या गावांना पिण्याच्या पाण्याची चिंता असते. नाग नदी साफ न करता बोटी सोडल्या तर पर्यटक फोटो काढतील आणि नाकाला रुमाल लावून परत जातील. जलपर्यटनाचं गणित नागपूरच्या गटारात अडकलंय, हे सरळच आहे.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भाऊबीजेनंतर लगेच गेलात तर गावोगावी मंडई भरलेली असते आणि रात्री दंडार. झाडीबोली कानावर पडते ती तिथंच. जेवणात चिन्नोरचा भात आणि झिंगे मागा. आंधळगाव, मोहाडीकडं कोसा विणणारी घरं आहेत. थेट विणकराकडून घेतलात तर पैसे त्याच्या हातात पडतात.

पावसाळ्यात जंगलं बंद असतात आणि वैनगंगेचा भरवसा नसतो. ऑगस्ट 2020 च्या शेवटी मध्य प्रदेशातून पाणी सुटलं तेव्हा भंडारा शहरातल्या वस्त्यांमध्ये नावा चालल्या होत्या. पवनी, आंभोरा आणि एखादा मामा तलाव, एवढ्यासाठी दोन दिवस पुरतात. मुक्काम भंडाऱ्यात करावा, आणि एसटी पकडायची असेल तर परतीची वेळ आधीच विचारून घ्यावी.