पडद्यावरचे नारळीकर आणि वेरूळचे ‘परग्रहवासी’

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्याच वर्षी केंब्रिजमधले नाव आणि स्थान मागे ठेवून खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मधल्या अर्धशतकात प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाशी विज्ञान बोलण्याची एक रीत त्यांनी घालून दिली.

जन्म कोल्हापूरचा, 19 जुलै 1938 चा. बालपण बनारसला गेले. वडील विष्णुपंत तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवत, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. केंब्रिजला गुरू लाभले फ्रेड हॉईल. हे गृहस्थ बीबीसी रेडिओवर विश्वाची रचना सांगत आणि विज्ञानकादंबऱ्याही लिहीत. शिष्याने गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात त्यांना साथ दिली, तशी ही सवयही उचलली. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा धाडली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. कथेला बक्षीस मिळाले.

1988 मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली आणि नारळीकर तिचे संस्थापक-संचालक झाले. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर त्यांची ‘ब्रह्मांड’ ही मालिका आली. त्याच काळात ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञानमालिकेत भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. प्रश्नाला मान देणे दोघांच्याही स्वभावात होते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. 1996 मध्ये युनेस्कोचे कलिंग पारितोषिक त्यांना मिळाले, ते या लोकविज्ञानासाठीच.

आज पडद्यावर विज्ञानाच्या नावाखाली काय खपते, ते वेरूळला कळते. सोळा क्रमांकाचे कैलास लेणे परग्रहवासीयांनी खोदले, असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात. वास्तविक आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कारागिरांनी बेसॉल्टचा कडा माथ्याकडून पायथ्याकडे कोरत आणला. आसपासची अर्धवट राहिलेली लेणी खोदकामाची पद्धत उघड दाखवतात. कृष्णराजाच्या एलापुरातल्या, म्हणजे वेरूळच्या, देवळाचा उल्लेख नवव्या शतकातल्या बडोदा ताम्रपटात आहे.

परग्रहावरच्या जीवसृष्टीचे नारळीकरांना वावडे नव्हते. कथांत त्यांनी ती मनसोक्त रंगवली. पण शोधायला निघाले तेव्हा हैदराबादहून बलून सोडले आणि सुमारे 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे निर्जंतुक कुप्यांतले नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासून घेतले. 2005 च्या उड्डाणातून जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला हॉईल यांचे नाव मिळाले. तरीही हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत, असे सिद्ध झाल्याचा दावा त्यांच्या चमूने केला नाही.

नारळीकरांनी घेतलेली फलज्योतिषाची चाचणीही अशीच झाली. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून हुशार आणि मतिमंद मुले ओळखायची होती. सरासरी 46 टक्के उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीही नाहीत.

विश्वाच्या उत्पत्तीचा महास्फोट सिद्धांत जगाने मानला तरी त्यावरच्या शंका ते अखेरपर्यंत मांडत राहिले. त्यांचा पर्याय बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. प्रेक्षकाला मात्र त्यातून एक गोष्ट मिळाली: मोठ्या नावाने सांगितले म्हणून काही खरे ठरत नाही, पुरावा मागावा लागतो. मराठी वाहिन्यांनी रोजच्या राशिभविष्यातली दहा मिनिटे पुरावा मागायला शिकवणाऱ्या कार्यक्रमाला द्यावीत. नारळीकरांची आठवण ठेवण्याचा तोच खरा मार्ग आहे.