मुदतीपूर्वी घर सोडणारे सहनिवासी आणि घरमालकाचे हक्क

शिक्षण, नोकरी अथवा स्पर्धा परीक्षेची तयारी यांसाठी गाव सोडून पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर यांसारख्या शहरांत येणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. एकट्याला भाडे परवडत नाही, म्हणून तिघे-चौघे मिळून घर घेतात. घर देणारा हा बहुधा सामान्य मनुष्य असतो. भविष्य निर्वाह निधीतून सदनिका घेतलेले निवृत्त शिक्षक किंवा कर्जाचा हप्ता भाड्यातून फेडणारा कर्मचारी अशा उत्पन्नावर अवलंबून असतो. एखाद्याला परगावी नोकरी लागते, दोघांचे आपापसांत पटत नाही आणि अकरा महिन्यांचा करार पाचव्या महिन्यातच मोडतो. अशा वेळी घरमालकाने काय करावे?

करार लेखी व नोंदणीकृत हवा

आपल्या राज्यात असे घर बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारान्वये दिले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर करारातील अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तेव्हा मुदत, सूचनेचा कालावधी व अनामत रक्कम यांविषयी पुढे वाद झाल्यास नोंदलेला करार हाच घरमालकाचा मुख्य आधार होय.

एक गेला, दोघे राहिले

करारावर तिघांनी एकत्रित सह्या केल्या असतील आणि प्रत्येकाचा हिस्सा वेगळा ठरविला नसेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ४३ लागू पडते. संयुक्तपणे दिलेले वचन पूर्ण करण्यास घरमालक तिघांपैकी कोणासही भाग पाडू शकतो. मासिक शुल्क १२,००० रुपये असेल, तर “माझे ४,००० एवढेच” असे मागे राहिलेल्यास म्हणता येत नाही. मात्र पूर्ण रक्कम भरणाऱ्यास इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करण्याचा हक्क आहे. घरमालकाने एकास मोकळे केले, तरी कलम ४४ नुसार उरलेले त्यामुळे मुक्त होत नाहीत.

व्यवहारात मात्र गेलेल्याच्या जागी दुसरा योग्य सहनिवासी घेऊ देणे हाच पुष्कळदा सोयीचा मार्ग ठरतो. तसे केल्यास नवीन करार नोंदवून घ्यावा. केवळ तोंडी संमतीने नवा मनुष्य घरात आला, तर पुढे जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनिर्णित राहतो.

सर्वच निघून गेले तर

येथे एक मोठा गैरसमज आढळतो. उरलेल्या संपूर्ण मुदतीचे भाडे आपोआप मिळते, किंवा अनामत रक्कम जप्त करता येते, असे अनेक घरमालक मानतात. कायदा तसे म्हणत नाही. कलम ७३ नुसार भरपाई मिळते ती करारभंगामुळे स्वाभाविकपणे झालेल्या नुकसानीची, आणि ते नुकसान टाळण्याचे कोणते उपाय उपलब्ध होते, हेही विचारात घेतले जाते. करारात दंडाची रक्कम लिहिली असली, तरी कलम ७४ अन्वये ती केवळ कमाल मर्यादा ठरते. त्या मर्यादेत वाजवी भरपाई द्यावयाची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने फतेचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

उदाहरण घेऊ. शुल्क दरमहा १२,००० रुपये व अनामत ३६,००० रुपये आहे. तिघांनी सहा महिने शिल्लक असताना पूर्वसूचनेविना घर सोडले. घरमालकाने लगेच प्रयत्न केले आणि एका महिन्याने त्याच दराने नवे रहिवासी मिळाले. नुकसान एका महिन्याचे, म्हणजे १२,००० रुपये. त्यात थकलेले वीजबिल १,५०० व मोडलेल्या दाराची दुरुस्ती २,००० मिळविल्यास एकूण १५,५०० रुपये होतात. उरलेले २०,५०० रुपये परत करणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. याउलट, घर मुद्दाम रिकामे ठेवून ७२,००० रुपयांची मागणी केल्यास ती न्यायालयात टिकणे कठीण.

अखेरचा उपाय

नुकसान अनामतीहून अधिक असेल, तर प्रथम सर्व सह्या करणाऱ्यांना हिशेबासह लेखी सूचना पाठवावी. त्यानेही काम न झाल्यास सक्षम न्यायालयात दावा करता येतो. थकबाकीसाठी सामान्यतः तीन वर्षांची मुदत आहे. परंतु मागे राहिलेल्याचे सामान बाहेर काढणे, कुलूप बदलणे किंवा पाणी तोडणे असे प्रकार कटाक्षाने टाळावेत. त्यामुळे न्याय्य बाजू असलेला घरमालकच अडचणीत येतो.

प्रारंभीच घ्यावयाची काळजी

करारात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : किमान किती महिने राहणे बंधनकारक आहे, किती दिवसांची सूचना द्यावयाची, सर्वांची जबाबदारी संयुक्त आहे की वेगवेगळी, आणि अनामतीतून कोणत्या रकमा वजा होतील. घर देताना भिंती, नळ, दिवे यांची यादी करून उभयपक्षी सह्या घ्याव्यात. घर सोडताना तीच यादी पुढे ठेवून किल्ल्या, हिशेब व पावती यांची देवघेव करावी.

गावातील मुले शहरात जाताना शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्यांना एवढे अवश्य सांगावे, की सही करण्यापूर्वी करार वाचावा. कारण ती सही एकट्याच्या हिश्शापुरती नसून कदाचित साऱ्या घराची असते.