पापणीचा रंग

पावसाळ्यात शेळ्यांना जंताचं औषध पाजायला आलेले डॉक्टर पिशवीतून आधी रंगांची एक पट्टी काढतात. शेळीचं डोकं उजेडाकडे वळवायचं, वरची पापणी अंगठ्यानं हलकेच दाबायची, खालची ओढायची आणि आतला रंग पट्टीशी जुळवायचा. लालभडक असेल तर पहिला क्रमांक, पांढरीफटक असेल तर पाचवा. पट्टी मूळची दक्षिण आफ्रिकेची. फाफा मलान या पशुवैद्यकाच्या नावावरून तिला ‘फामाचा’ म्हणतात.

पापणी फिकी पडते ती बहुधा हिमोंकसमुळे. हा जंत पोटाच्या चौथ्या कप्प्यात रक्तावर जगतो. त्याची मादी दिवसाला ५ हजारांवर अंडी घालते. लेंड्यांतून पडलेल्या अंड्यांच्या अळ्या उबदार ओलीत आठवड्याभरात तयार होऊन गवतावर चढतात. जंत फार झाले की शेळीच्या जबड्याखाली पाणी उतरतं.

“औषध आणलंय तर सगळ्यांनाच पाजा की, डॉक्टर.”

“नको, मावशी. सरसकट पाजलं तर औषधाला दाद न देणारे जंतच तेवढे उरतात.”

चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या शेळ्या बाजूला निघाल्या. पण एकाच रानात चरणाऱ्या दोघींपैकी एक लाल, दुसरी पांढरी का? थोडं रक्तातच असतं, थोडं वयावर आणि बरंचसं खाण्यावर. गमावलेलं रक्त भरून काढायला प्रथिनं, लोह, तांबं लागतं. कोबाल्टपासून पोटातले सूक्ष्मजीव बी-१२ बनवतात. जस्त आणि सेलेनियम कमी पडलं तर जंतांना तोंड देणारी प्रतिकारशक्तीच ढिली पडते. ही खनिजं चिमूटभरच लागतात, म्हणूनच त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. निव्वळ वाळल्या कडब्यावर गाभण शेळी काढणं मला तरी क्रूर वाटतं.

तांब्याचा तर थेट उपयोगही होतो. कॉपर ऑक्साइडच्या बारीक तारांची कॅप्सूल दिली की तुकडे चौथ्या कप्प्यात अडकून हळूहळू विरघळतात आणि हिमोंकस कमी होतो. इतर जंतांवर मात्र त्याचा फारसा परिणाम नाही.

आणि इथेच धोका आहे. मेंढीच्या यकृतात तांबं गुपचूप साठत जातं. एक दिवस लघवी तांबडीकाळी होते, कावीळ दिसते आणि बहुतेकदा मेंढी हाती लागत नाही. म्हणून शेळ्यांबरोबर मेंढ्या असतील तर गाईम्हशींचं खनिज मिश्रण त्यांच्यापुढे टाकू नका. मेंढ्यांसाठीचं वेगळं मागा, आणि तांब्याची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणालाच देऊ नका.