फुटस्विच गेला म्हणून ॲम्प्लिफायर बाद होत नाही

इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरली पाती संस्थानच्या महाराजांचे खासगी सचिव होते. राजवाड्यातील पियानो आणि हार्मोनियम नवे असूनही वाजत नव्हते; माळव्याच्या कोरड्या हवेने त्यांच्या चौकटी तडकल्या होत्या, पट्ट्या अडकत होत्या. 'द हिल ऑफ देवी' या १९५३ च्या पुस्तकात त्यांनी हे नोंदवले आहे. परदेशी वाद्य घेणे सोपे, त्याचा सुटा भाग मिळवणे अवघड, हे दुखणे तेव्हापासूनचे.

आज धार किंवा देवास येथील वादकाच्या गिटार ॲम्प्लिफायरचा फुटस्विच निकामी झाला, तर तो इंदूरची वाट धरतो. जुन्या मॉडेलचा मूळ फुटस्विच तिथेही मिळेलच असे नाही, पणजी-मडगावातही नाही. मात्र साध्या ॲम्पसाठी मूळ कंपनीच्याच वस्तूचा आग्रह बहुधा अनाठायी असतो. त्या डबीत दोन तारा जोडणारे वा तोडणारे एक बटन असते, एवढेच.

आधी बिघाड खरोखर बटनाचा आहे का, ते पाहावे. पुष्कळदा केबल आतून तुटलेली असते. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तर जॅकवर गंजच आधी चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने काम भागले तर खरेदीचा प्रश्नच उरत नाही.

बटन नवे घ्यायचे तर त्याची जात ओळखावी लागते. लॅचिंग बटन एकदा दाबले की जोडलेलेच राहते, पुन्हा दाबल्यावर सुटते. मोमेंटरी बटन पाय असेपर्यंतच जोडते आणि चॅनेल कोणते, हे ॲम्प स्वतः लक्षात ठेवतो. पुस्तिकेत माहिती नसेल तर आवाज कमी करून फुटस्विचच्या जॅकमध्ये साधी गिटारची केबल लावावी आणि मोकळ्या टोकाच्या प्लगचे टोक व दांडा तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडावेत. तार काढताच चॅनेल मूळपदावर आले तर लॅचिंग हवे. बदललेले तसेच राहिले तर मोमेंटरी. ही चाचणी करताना जॅकवरचे नाव दोनदा वाचावे. शेजारीच स्पीकरचा तसाच जॅक असतो आणि तिथे तार जोडली गेली तर ॲम्प जळू शकतो. काही रुपयांच्या बटनापायी हजारोंचे यंत्र गमावण्याचा हाच खरा धोका आहे.

मोमेंटरी हवे असेल, तर कीबोर्डचे सस्टेन पेडल अनेक ॲम्पना चालते. लहान गावात गिटारपेक्षा कीबोर्डचे सामान लवकर मिळते, हे येथे कामी येते. लॅचिंगसाठी पायाने दाबायचे मजबूत बटन, पत्र्याची डबी आणि ६.३५ मिलिमीटरचा जॅक रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर सहज जोडून देतो. प्लगवर दोन काळ्या रेघा असतील तर एकाच केबलमधून दोन कामे चालतात, बहुधा चॅनेल आणि रिव्हर्ब. तेव्हा दोन बटने आणि स्टिरिओ केबल लागते. दिवा असलेल्या फुटस्विचची जोडणी ॲम्पगणिक वेगळी असते, म्हणून नकाशा मिळाल्याशिवाय दिव्याच्या नादी न लागलेले बरे.

डिजिटल ॲम्पला मात्र हा उपाय नेहमी लागू पडत नाही. त्यांपैकी अनेकांचे फुटस्विच सांकेतिक संदेश पाठवतात. तिथे कंपनीचाच, किंवा त्या मॉडेलसाठी चालतो असे स्पष्ट लिहिलेला, फुटस्विच मागवावा लागतो.