सार्वजनिक शाळेची पारख

मुलाची पांचवी संपत आली कीं एकत्र कुटुंबांत एक वाद हटकून उद्भवतो. त्याला पुढें कोणत्या शाळेंत घालावयाचें? आजोबांना जवळची जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा पुरेशी वाटते. सूनबाईंच्या डोळ्यांपुढें शेजारच्या मुलांच्या गळ्यांतील टाय आणि दारांत येणारी बस असते. काका निकालाचे आंकडे पुढें करतात. गंमत अशी कीं, ज्या शाळेविषयीं हा सारा खल चालतो तिच्या फाटकाच्या आंत यांपैकीं कोणींहि पाऊल टाकलेलें नसतें. भेंडी घेतांना जी मंडळी तिचें टोंक मोडून पाहते, तीच मंडळी तीन वर्षांच्या शिक्षणाचा निर्णय ऐकीव गोष्टींवर करून मोकळी होते! प्रस्तुत लेखकाचें सारें आयुष्य शाळामास्तरकींत गेलें आहे. त्या अनुभवाच्या बळावर, सार्वजनिक शाळेची पारख सामान्य गृहस्थानें व गृहिणीनें कशी करावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

सहावी ते आठवी, म्हणजे सुमारें अकरा ते चौदा हें वय, मोठें नाजूक असतें. खालच्या इयत्तांत वाचतां येणें व आंकडेमोड करतां येणें हीच विद्या असते. सहावीपासून हीं दोन्ही केवळ हत्यारें होतात. त्यांच्या साह्यानें इतिहास, विज्ञान, बीजगणित हें सारें मिळवावयाचें असतें. हत्यार बोथट राहिलें तर मूल आठवीपर्यंत वर्गांत बसतें खरें. पण बसतें एवढेंच. ‘असर’ या नांवानें ‘प्रथम’ संस्था जी ग्रामीण पाहणी करते तिच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणें देशांतील आठवीच्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें ७० मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचतां आला, आणि तीन आंकडी संख्येला एक आंकडी संख्येनें भागण्याचें उदाहरण शेंकडा सुमारें ४५ मुलांनाच सुटलें. यांत सरकारी व खाजगी अशा दोन्ही शाळांतील मुलें होतीं, हें विसरूं नये. तेव्हां दोष केवळ सरकारी पाटीचा आहे असें समजून जो खाजगी शाळेकडे धांवतो, त्याला तेथेंहि तेंच दुखणें भेटण्याचा संभव आहे.

निकाल काय सांगतो आणि काय सांगत नाहीं

शाळेची परीक्षा तिच्या विद्यार्थ्यांवरून करावी, ही कल्पना जुनी आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा तंटा पडतो, तेव्हां पंडिता कौशिकी हिला मध्यस्थ नेमतात, आणि दोघांनींहि आपापल्या शिष्येचें कौशल्य दाखवावें, असें ठरतें. स्वतःला विद्या येणें ही एक गोष्ट, ती दुसऱ्याच्या ठायीं उतरवितां येणें ही दुसरी, हा विवेक त्या नाटकांत मोठ्या मार्मिकपणें केलेला आहे. पण त्याच प्रसंगीं असेंहि एक मत पुढें येतें कीं, अपात्र शिष्य पत्करणें हाच मुळीं आचार्याच्या बुद्धीचा उणेपणा होय.

आपली सार्वजनिक शाळा येथें गणदासाहून वेगळी पडते. २००९ सालचा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या तेराव्या कलमानें प्रवेशाच्या वेळीं मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केलेली आहे. उसाच्या तोडीवर जाणाऱ्याचें मूल, वीटभट्टीवरचें मूल, घरांत एकहि पुस्तक नसलेलें मूल, जें दारांत येईल तें शाळेनें घेतलेंच पाहिजे. अशा शाळेला गणदासाची कसोटी जशीच्या तशी लावणें अन्यायाचें होईल. शिष्य कोठें पोंचला हें न पाहतां, तो कोठून निघाला आणि किती चालला, हें पाहिलें पाहिजे.

समजा, एका शाळेंत सहावींत येणारीं बहुतेक मुलें वकील-डॉक्टरांच्या घरचीं आहेत; त्यांना घरीं आजी शिकविते आणि संध्याकाळीं शिकवणीहि असते. हीं मुलें आठवींत उत्तम गुण मिळवितात. दुसऱ्या शाळेंत सहावींत आलेल्या चाळीसांपैकीं पंधरा मुलांना सरळ वाचतां येत नव्हतें, आणि आठवीच्या अखेरीस त्यांतील बारा जण वर्तमानपत्र वाचूं लागले. निकालाच्या तक्त्यांत पहिली शाळा वर दिसेल. पण शिकविण्याचें खरें काम दुसरीनें केलें. शिष्यवृत्ति परीक्षेंत शाळेचीं किती मुलें आलीं हेंहि याच दृष्टीनें पाहावें. पन्नासांतून पांच मुलें निवडून, त्यांनाच वर्षभर घांसून तयार करणें फारसें अवघड नाहीं. बाकीच्या पंचेचाळीसांचें काय झालें, हें विचारावें. आणि मूल वरच्या इयत्तेंत गेलें ही तर गुणवत्तेची खूणच नव्हे. कायद्याप्रमाणें आठवीपर्यंत कोणालाहि मागें ठेवावयाचें नव्हतें, आणि पांचवी व आठवींत परीक्षा घेऊन मागें ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली ती २०१९ च्या दुरुस्तीनें.

शाळेंत गेल्यावर काय पाहावें

शाळा पाहावयास स्नेहसंमेलनाच्या किंवा स्वातंत्र्यदिनाच्या दिवशीं जाऊं नये. त्या दिवशीं प्रत्येक शाळा सुंदर असते. एखाद्या सोमवारीं, किंवा सुगीच्या दिवसांत, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन जावें. प्रथम हजेरी पाहावी. पटावर चाळीस आणि बाकांवर बावीस अशी स्थिति असेल, तर गैरहजर मुलांच्या घरीं शेवटचें कोण व केव्हां गेलें होतें, हें विचारावें. चांगल्या शाळेंत याचें उत्तर तारखेनिशीं मिळतें.

दुसरें, शिक्षक. कायद्याप्रमाणें सहावी ते आठवीला दर पस्तीस मुलांमागें एक शिक्षक असावा. विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांकरितां निदान एकेक शिक्षक असावा. आणि वर्षांत २२० दिवस व १००० तास अध्यापन व्हावें. हे आंकडे तोंडपाठ ठेवून जावें. विज्ञानाच्या शिक्षकाची जागा दोन वर्षें रिकामी असेल, तर रंगविलेल्या भिंतींना भुलूं नये. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांखेरीज शिक्षकाला शिक्षणबाह्य कामास जुंपूं नये, असें कायदा म्हणतो. तरी अहवाल भरण्याचें व माहिती पाठविण्याचें काम त्याचा किती वेळ खातें, हेंहि सहानुभूतीनें विचारावें. पुष्कळदां शिक्षकाची इच्छा दांडगी असते. नसतो तो वेळ.

तिसरें, वस्तूंवरची धूळ पाहावी. ग्रंथालयाचें कपाट आहे काय, यापेक्षां त्या कपाटाची किल्ली कोणाजवळ असते, हा प्रश्न महत्त्वाचा. पुस्तकें देण्याघेण्याची वही मागावी. तिच्यांतील शेवटची तारीख काय आहे तें पाहावें. प्रयोगाच्या साहित्याचेंहि तसेंच. फुटलेली परीक्षानळी दिसली तर नाक मुरडूं नये. ती वापरली गेल्याची ती साक्ष आहे. खरी चिंता वाटावी ती वेष्टनांतून न निघालेल्या साहित्याची.

चौथें, मुलींचें स्वच्छतागृह. हें प्रत्यक्ष पाहावें, आणि घरांतील स्त्रियांनीं पाहावें. तेथें पाणी आहे काय, कडी लागते काय, कीं पाहुण्यांसाठीं कुलूप घालून ठेवलें आहे? सहावी-सातवींतील मुलगी महिन्यांतून चार-पांच दिवस घरीं राहूं लागली तर तिच्या गणिताची कडी तुटते, आणि शाळा सुटण्याचा प्रारंभ बहुधा तेथूनच होतो. सहावींत किती मुली होत्या आणि त्यांतील किती आठवींत आहेत, ही वजाबाकी शाळेच्या गुणवत्तेविषयीं पुष्कळ सांगून जाते.

पांचवें, दुपारचें भोजन. या इयत्तांतील मुलामागें रोजचें १५० ग्रॅम धान्य आणि ७०० कॅलरी असें प्रमाण ठरलेलें आहे, आणि वाढण्यापूर्वीं शिक्षकानें अन्न चाखावें असा दंडक आहे. पंगत बसलेली पाहावी. वाढणाऱ्याचा हात सर्वांना सारखा चालतो कीं नाहीं, आणि कोणी मूल अलग बसविलेलें तर नाहीं ना, हें डोळे उघडे ठेवून पाहावें. जेथें पंगतींत भेद, तेथें वर्गांतहि भेद असावयाचाच.

वह्या खोटें बोलत नाहींत

माझ्या मतें शाळेची सर्वांत प्रामाणिक साक्ष मुलांच्या वह्या देतात. चार मुलांच्या निबंधाच्या वह्या मागून घ्याव्या. त्यांत एक हुशार मुलाची, एक मागें पडलेल्याची असावी. चारहि वह्यांत ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ अक्षरशः एकच असेल, तर निबंध फळ्यावरून उतरविलेला आहे असें खुशाल समजावें. प्रत्येकाचा पाऊस निराळा असेल, एकाच्या घराला गळती लागली असेल, दुसऱ्याची शेळी भिजली असेल, आणि शुद्धलेखनाच्या चुकाहि भरपूर असतील, तर तेथें लिहावयास शिकविलें जात आहे.

मग लाल शाई पाहावी. प्रत्येक पानाखालीं नुसती बरोबरची खूण व सही असेल, तर तें तपासणें अधिकाऱ्यासाठीं झालें आहे. चूक दाखविली आहे काय? मुलानें ती पुन्हां लिहून दुरुस्त केली आहे काय? आणि जुलैंत जी चूक होती ती ऑक्टोबरांत आहे काय? या तीन प्रश्नांत शिक्षणाचें सारें मर्म आहे.

आपलें मूल त्याच शाळेंत जात असेल तर घरींहि पारख करतां येते, आणि हें काम आजी-आजोबांचें आहे. आठवड्यांतून एकदां त्याला वर्तमानपत्रांतील एक बातमी मोठ्यानें वाचावयास सांगावी आणि ती त्याच्या शब्दांत विचारावी. दुधाचा हिशेब करावयास लावावा. पाऊण लिटरांतून पाव लिटर विरजणाला गेलें तर चहाला किती उरलें, हें त्याला सांगतां आलें पाहिजे. आणि अपूर्णांकांची वजाबाकी करतांना छेद समान कां करावयाचा, हेंहि. ‘बाईंनीं तसें सांगितलें’ एवढेंच उत्तर वरचेवर येऊं लागलें, तर एकदां बाईंना भेटावें. भांडावयास नव्हे, विचारावयास.

मुख्याध्यापकांना एकच प्रश्न

इतकें पाहण्यास सवड नसेल तर मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारावा: ‘सहावींत आलेल्या ज्या मुलाला नीट वाचतां येत नाहीं, त्याचें तुम्हीं काय करतां?’ याचीं तीन प्रकारचीं उत्तरें मीं ऐकलीं आहेत. पहिलें, ‘आमच्याकडे असें मूलच नाहीं.’ हें उत्तर देणाऱ्यानें एक तर आपले वर्ग पाहिलेले नाहींत, किंवा तो आपल्याला पाहुणा समजतो. दुसरें, ‘काय करणार? घरचें वातावरणच तसें आहे.’ यांत सत्याचा अंश आहे. पण जें घरीं मिळत नाहीं तें देण्याकरितांच सार्वजनिक शाळा असते. तिसरें उत्तर असें, कीं ‘सहावींत अशीं नऊ मुलें आहेत, त्यांना रोज शाळेपूर्वीं पाऊण तास अमुक शिक्षक घेऊन बसतात, दिवाळीपर्यंत चार जण वाचूं लागले, दोघांचे डोळे तपासून चष्मे लावले, तिघांचें अजून जमत नाहीं.’ असें उत्तर देणारा मुख्याध्यापक ज्या शाळेला लाभला आहे, तेथें आपला नातू निःशंक मनानें घालावा. मग इमारतीचीं कौलें फुटकीं असलीं तरी चालेल.

आपण कोण, गिऱ्हाईक कीं भागीदार?

शेवटीं एका अवघड गोष्टीला हात घालणें प्राप्त आहे. सर्वांच्या मुलांना शिक्षण मिळावें ही मागणी या महाराष्ट्रांत मोठ्या तळमळीनें झाली. महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें प्राथमिक शिक्षणाच्या उपेक्षेचें गाऱ्हाणें मांडलें. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं कायदे कौन्सिलांत सक्तीच्या शिक्षणाचें विधेयक आणलें आणि १९१२ त तें फेटाळलें गेलेलें पाहिलें. सयाजीराव महाराजांनीं बडोद्यांत १९०६ सालीं व शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत १९१७ सालीं आपल्या अधिकारांत तीच गोष्ट सुरू केली. पुढें १९६२ त जिल्हा परिषदा आल्या आणि गांवोगांव शाळा पोंचल्या. आणि शाळा दारापर्यंत आल्यावर, आपण सुशिक्षित म्हणविणाऱ्या कुटुंबांनीं आपलीं मुलें हळूहळू तींतून काढून घेतलीं.

मूल काढून घेतलें म्हणजे एक पट कमी झाला, एवढेंच होत नाहीं. त्या मुलामागून वह्या पाहणारी आई जाते, प्रश्न विचारणारा आजोबा जातो, रिकाम्या जागेबद्दल अर्ज लिहूं शकणारा काका जातो. मागें राहतात ते पालक रोजावर जाणारे. एक दिवस शाळेंत यावयाचें तर त्यांची मजुरी बुडते. कायद्यानें प्रत्येक सार्वजनिक शाळेला व्यवस्थापन समिति दिली आहे. तींत तीन चतुर्थांश सभासद पालकच असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असें सांगितलें आहे. पण पुष्कळ ठिकाणीं ती समिति कागदावर सही करण्यापुरती उरते, कारण विचारणाऱ्याची संवय मोडलेली असते.

याचा अर्थ, तत्त्वासाठीं आपल्या मुलाचा बळी द्यावा, असा मुळींच नाहीं. वरील कसोट्या लावून शाळा उतरली नाहीं, आणि वर्षभर खटपट करूनहि सुधारली नाहीं, तर मूल दुसरीकडे न्यावें. त्यांत लाज कसली? पण न पाहतां, न विचारतां, केवळ शेजाऱ्याचें पाहून नेऊं नये. आणि पाहिल्यावर शाळा चांगली आढळली, तर तसें चारचौघांत मोठ्यानें सांगावें. चांगल्या शिक्षकाला याहून मोठें बक्षीस क्वचितच मिळतें. ज्यांचीं नातवंडें त्या शाळेंत नाहींत त्यांनींहि आठवड्यांतून एक तास तेथें वाचन घ्यावयास जावें. मुख्याध्यापक नाहीं म्हणणार नाहींत. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो, आणि सहावींतल्या अडखळत वाचणाऱ्या मुलाला शेजारीं बसून ऐकणारें कोणी तरी हवें असतें.